'थेट अल्बम' आणि 'वाकवलेला सूर': मराठीत काय म्हणायचं?

गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या 'बँड ऑफ जिप्सीज' या लाइव्ह अल्बमवर लिहितोय. लाइव्ह अल्बम, बेंड, फीडबॅक, सायकेडेलिक यांना मराठीत काय म्हणाल? तूर्त 'थेट अल्बम', 'सूर वाकवणे', 'प्रतिसाद' आणि 'भ्रमजन्य' असं टाकलंय.

— 'थेट' नको. थेट म्हणजे आत्ता चालू असलेलं, थेट प्रक्षेपणातलं. ही मैफल न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहात झाली, ३१ डिसेंबर १९६९ आणि १ जानेवारी १९७० ला, एकूण चार कार्यक्रम. अल्बम आला मार्चमध्ये. 'मैफलीचं ध्वनिमुद्रण' म्हणा, नाहीतर सरळ लाइव्ह अल्बम. फक्त 'जसंच्या तसं' लिहू नका. निवड दुसऱ्या रात्रीतूनच झाली आणि ड्रमर बडी माइल्सच्या गाण्यांना चांगलीच कात्री लागली.

— बेंडला आपल्याकडे शब्द आहे की! मींड. सतारिये पडद्यावर तार आडवी खेचतात, सूर चढतो, गिटारवर तेच. उतरती मींड घ्यायची तर तार आधी खेचून ठेवायची, छेडायची, मग सोडायची. गिटारवाले याला प्रीबेंड म्हणतात. ब्लूज संगीतातला तो गंधार, ना धड कोमल ना धड शुद्ध, असाच खेचून मिळतो.

— पटलं, पण अर्धंच. मींड म्हटलं की डोळ्यासमोर आलाप येतो, आणि ब्लूजमध्ये बऱ्याचदा नुसता हिसका असतो. एकदा मींड सांगून मोकळे व्हा, पुढे 'बेंड घेतला' असंच लिहा. वाजवणारी पोरं तेच म्हणतात.

— 'प्रतिसाद' वाचून मला आधी टाळ्याच वाटल्या! अ‍ॅम्प्लिफायरच्या दणक्याने तार पुन्हा थरथरते आणि स्वर विझतच नाही, तो फीडबॅक. लग्नाच्या हॉलमध्ये माइक शिट्टी मारतो, त्याच जातीचा. अल्बममधल्या 'मशीन गन' या गाण्यातल्या सोलोच्या सुरुवातीचा तो लांबलचक, किंचाळता स्वर ऐका. शब्द फीडबॅकच ठेवा.

— सायकेडेलिकही तसाच राहू द्या. हम्फ्री ऑस्मंड या मानसोपचारतज्ज्ञाने १९५६ मध्ये ग्रीकवरून घडवलेला शब्द: मन आणि प्रकट करणं. म्हणजे 'भ्रम' अगदी उलट टोकाला गेला. इथे तर युनि-व्हाइब या गिटारच्या इफेक्ट पेडलचा घुमणारा आवाज म्हटलं तरी काम भागेल.

आभार. एक राहिलंच. 'मशीन गन'आधी हेंड्रिक्स शिकागो, मिलवॉकी आणि न्यूयॉर्कमध्ये लढणाऱ्या 'सोल्जर्स'ना गाणं अर्पण करतो. तिथे 'आंदोलक' लिहू का?

— मुळीच नको. 'सैनिक'च लिहा. व्हिएतनाममधल्या सैनिकांचं नाव तो नंतर घेतो, ओघात आठवल्यासारखं. तो क्रमही बदलू नका, टोमणा त्यातच आहे.