दुपारी १२ ला स्प्रिंकलर कोण चालू ठेवतंय?

वैशाली, बी ४०२: आत्ता गॅलरीतून बघतेय, भर दुपारी १२ ला मागच्या लॉनवर स्प्रिंकलर चालू आणि गेटवर टँकर उभा. निम्मं पाणी हवेतच उडतंय. कोणीतरी बंद करा प्लीज

अमोल, गार्डन कमिटी: ताई केला बंद. माळीमामा गावी गेलेत, वॉचमनने त्याच्या सवडीने लावला. पण लॉन पार पिवळं पडलंय हो, मी म्हणतोय उखडून नवीन मेक्सिकन लॉनचे पट्टे टाकू आणि तोवर थोडा युरिया मारू

देशपांडे काका, ए १०१: अमोल, युरिया अजिबात नको रे. ४० डिग्रीत कोरड्या गवतावर टाकलास तर उरलंसुरलंही जळेल. आणि मागचं लॉन आता निम्मंअधिक हरळीच आहे, हरळी कधी मरते का, कुठल्याही शेतकऱ्याला विचार, वरून वाळली तरी खालच्या काड्या जिवंत असतात, मृगाचा पाऊस लागला की आपोआप हिरवी. नवे पट्टे आत्ता लावलेस तर मुळं धरेपर्यंत रोज दोनदा पाणी मागतील. जूनअखेर लाव.

रोहन, सी ७०३: त्यापेक्षा पेव्हर ब्लॉक टाका, कटकट संपेल 😀

वैशाली, बी ४०२: रोहन तुझा फ्लॅट सातव्या मजल्यावर आहे, आमच्या खालच्या मजल्यांवर त्या ब्लॉकची धग येते रे. पोरं खेळणार कुठे?

रोहन, सी ७०३: बरं मग पाण्याचा हिशोब तरी सांगा. किती लागतं?

देशपांडे काका, ए १०१: एक चौरस मीटरवर १ लिटर ओतलं की १ मिलिमीटर पाणी झालं. आपलं लॉन २००० चौरस फूट, म्हणजे साधारण १८५ चौरस मीटर. मे महिन्यात रोजचे ५ मिमी धरले तरी ९२५ लिटर. १० हजारांचा टँकर अकरा दिवसांत संपला. नुसतं जिवंत ठेवायचं तर याच्या निम्म्यात भागतं, फक्त रोज शिंपडत बसू नका, दोन-तीन दिवसाआड पहाटे भरपूर द्या म्हणजे खोलवर मुरतं आणि मुळं खाली जातात. एसटीपीचं, म्हणजे आपल्या सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचं पाणी असताना टँकर कशाला पण?

अमोल, गार्डन कमिटी: काका एसटीपीच्या पाण्याला वास येतो म्हणून तक्रारी आल्या होत्या

देशपांडे काका, ए १०१: वास येतोय म्हणजे प्लांट नीट चालत नाहीये, ते आधी बघा. आणि मशीनचं पातं वर घ्या, दोन-अडीच इंच गवत राहू दे, जमिनीवर सावली राहते. टक्कल केल्यासारखं कापता तुम्ही लोक.

सुनंदा काकू, ए ३०२: माझ्या जास्वंदीवर पांढरा कापूस आलाय सगळीकडे, काय करू

वैशाली, बी ४०२: काकू तो पिठ्या ढेकूण. आधी पाइपच्या जोरदार धारेने धुवा, मग लिटरला ५ मिली नीम ऑइल आणि दोन थेंब भांड्यांचा साबण, उन्हं उतरल्यावरच मारा. मुंग्या चढत असतील तर त्यांचाही बंदोबस्त करा, त्याच त्याला इकडून तिकडे नेतात.

अमोल, गार्डन कमिटी: अजून एक, उद्या शेणखताची ट्रॉली येतेय, लॉनवर पसरायला

देशपांडे काका, ए १०१: कुजलेलं आहे का ताजं? ताजं असेल तर परत पाठव. कच्च्या शेणात हुमणी, म्हणजे भुंगेऱ्यांची मुळं खाणारी अळी, वाढते. वळवाचा पहिला जोरदार पाऊस झाला की संध्याकाळी ७ नंतर जमिनीतून तपकिरी भुंगेरे निघतात आणि कडुनिंबावर, बाभळीवर पाला खायला जमतात. मग मादी जमिनीत अंडी घालते आणि पावसाळाभर अळ्या मुळं खातात, गणपतीपर्यंत लॉन सतरंजीसारखं उचलून हातात येतं. औषधापेक्षा भुंगेरेच गोळा केलेले बरे, फांदी हलवली की पटापट खाली पडतात. क्लब हाऊसमागचा कडुनिंब बघा.

रोहन, सी ७०३: गोळा करून करायचं काय त्यांचं?

देशपांडे काका, ए १०१: रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवायचे. रॉकेल आता कुठे मिळतंय म्हणा, साबणाचं पाणीही चालेल.

वैशाली, बी ४०२: पोरांना सांगू, प्रत्येक बादलीमागे एक कुल्फी. आनंदाने करतील

अमोल, गार्डन कमिटी: ट्रॉलीवाल्याला फोन केला, म्हणतोय "साहेब एकदम ताजं आहे" 🤦 कॅन्सल. वॉचमनला पहाटे ५.३० ची वेळ सांगितलीय. कडुनिंबाखाली लाइट लावायला एक्स्टेंशन बोर्ड कोणाकडे आहे, लांब वायरचा?

सुनंदा काकू, ए ३०२: आमच्याकडे आहे, पण गणपतीच्या सामानात माळ्यावर आहे, कोणीतरी उंच माणूस पाठवा.