मदत हवी आहे: 'सेंट-ज्यॉर्जी' आडनाव कसं लिहायचं? अर्थ काय?

मंडळी, शाळकरी मुलांसाठी क जीवनसत्त्वावर लेख लिहितोय आणि गाडी एका आडनावापाशी अडलीय. हंगेरीचे जीवरसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी (Szent-Györgyi), १९३७ चं वैद्यकाचं नोबेल. सेगेड शहरात असताना त्यांनी तिथल्या पाप्रिका मिरचीतून हे जीवनसत्त्व काढलं. माणूस मोठा मिश्कील. त्याआधी हाच पदार्थ हाती लागला होता, पण रचना कळेना, तर नाव सुचवलं 'इग्नोज', म्हणजे 'ठाऊक नाही'. संपादकांनी ते नाकारल्यावर 'गॉडनोज', देव जाणे!

माझंही तेच झालंय. एकाच खर्ड्यात मी 'झेंट-ग्योर्गी', 'सेंट गोर्जी' आणि वर लिहिलंय ते, असे तिन्ही प्रकार केलेत. बरोबर कोणता? 'सेंट' म्हणजे संतच ना? दुसऱ्यांदा उल्लेख करताना नुसतं 'ज्यॉर्जी' चालेल का? शिवाय हंगेरियन पानांवर 'आल्बर्ट' शेवटी येतं, ते का?

प्रतिसाद १

'झेंट' तर नकोच. हंगेरियनमध्ये एस-झेड मिळून आपला साधा 'स', आणि नुसता एस म्हणजे 'श'. म्हणून तिकडे राजधानीला बुदापेश्त म्हणतात. जी-वाय हेही मिळून एकच अक्षर, त्यात 'ग' कुठेच नाही. 'द' आणि 'य' एका दमात म्हणा, जवळपास पोचाल. मधला स्वर मराठीत नाही: ओठ 'ओ'सारखे गोल ठेवून 'ए' म्हणून बघा. 'सेंट-द्यॉर्द्यी' जास्त जवळचं, पण मुलं अडखळतील. तुमचा तिसरा प्रकार ठेवा.

अर्थ सोपा आहे. सेंट म्हणजे संत, ज्यॉर्ज्य म्हणजे जॉर्ज, आणि शेवटचा 'इ' म्हणजे आपला 'कर'. संत जॉर्जच्या नावाच्या गावचे ते सेंट-ज्यॉर्जी. म्हणून तोडू नका. नुसतं 'ज्यॉर्जी' लिहिणं म्हणजे कोल्हापूरकरांना 'पूरकर' म्हणण्यासारखं.

आणि तिकडे आडनाव आधी, नाव नंतर. घराण्याच्या पूर्ण नावात त्याच्याही आधी 'नॉज्यरापोल्ती' येतं, म्हणजे नॉज्यरापोल्त गावचे (हे गाव आता रोमानियात आहे). एका माणसाला दोन 'कर'!

प्रतिसाद २

वरच्यात एक भर. स्पेलिंगमधल्या 'वाय'ला 'कर' समजू नका. इथला वाय जी-वायमधला, 'कर' म्हणजे त्याच्या पुढचा आय. याउलट १९४३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले हेवेशी (Hevesy) बघा. तिथे मात्र शेवटचा वाय हाच जुन्या वळणाचा 'इ': हेवेश गावचे ते हेवेशी. घराण्याचं मूळ आडनाव बिशित्स, हेवेशी नंतर आलं. परदेशात ते 'द हेवेशी' झाले. 'द'चा अर्थही 'चा', म्हणजे 'कर' दोन्ही बाजूंनी लागला. गंमत म्हणजे त्यांचं पाळण्यातलं नाव ज्यॉर्ज्य.

धागाकर्ता

दोघांचे आभार. 'पूरकर' वाचून हसलो आणि लगेच खर्ड्यात चार ठिकाणी दुरुस्ती केली. लेखात 'आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी' असा आपल्याकडचा क्रम ठेवतो, आणि 'कर'ची गोष्ट चौकटीत घालतो. आता एकच शंका उरली: शेवटच्या सूचीत त्यांना 'आ'खाली टाकू की 'स'खाली?

प्रतिसाद १

'स'खाली. सूचीत आडनावच आधी घेतात, हंगेरियन माणसाला तर तेच घरचं वाटेल.