पोटलीभर बियाण्यानं कुणाचं घर चालतं?

येवलेकर (मूळ पोस्ट): बियाणे महोत्सव, देशी वाण, दोन दिवसांचं प्रशिक्षण. सगळा फोटोंचा धंदा! पोटली दिली, शाल दिली, चहा-वडा झाला. यानं कुणाचं कर्ज फिटलं? भाव द्या, पोटल्या नकोत.

सुरगाण्याची लेक: दादा, तुमच्याकडे पालखेडचं पाटपाणी, आमच्याकडे उतारावरची वरकस जमीन. मृगाच्या तोंडावर हातात पैसा नसतो. दुकानदार उधारीवर पिशवी देतो आणि सुगीला माल त्याच्याच काट्यावर जातो. आमच्या बचत गटाची बियाण्याची कणगी आहे. नागली (नाचणी) न्यायची, सुगीला दिढीनं, म्हणजे दीडपट, परत करायची. हीच दिढी पूर्वी सावकाराकडे जायची, आता गटातच राहते. पण नुसतं बी देऊन भागत नाही. पहिल्या वर्षी कुणीतरी हळवं (लवकर येणारं) आणि गरवं (उशिरा येणारं) बी एकत्र ओतलं. अर्धं शेत कापणीला आलं, अर्धं हिरवंगार. मग प्रशिक्षणात शिकलो, बियाण्याची कणसं खळ्यावर नाही, उभ्या पिकात निवडायची आणि त्यांना लाल दोरा बांधायचा. कर्ज फिटलं का विचारता. काढावंच लागलं नाही, त्याचा फोटो निघत नाही.

येवलेकर: ताई, नागलीनं पोट भरतं, पोरांची फी नाही. २०२३ ला भरडधान्य वर्षाचा गाजावाजा झाला. तुमच्या पाड्यावर भाव काय आला, तेवढं सांगा.

पिंपळगावकर: आणि द्राक्षाला काय बी वाटणार? टोमॅटो सगळा हायब्रीड. बी धरलं तर एका झाडाला लिंबू, दुसऱ्याला भोपळा.

चांदवडचा कांदेवाला: कांद्याचं बोला की! २०२० ला बी मिळेना. ऑक्टोबरात सरकारला कांदा बियाण्याची निर्यात बंद करावी लागली. ज्यांचे घरचे डोंगळे (बियाण्यासाठी लावलेले कांदे) होते ते निवांत. मी दुकानातून आणलं, पक्की पावती आहे. निम्म्या वाफ्यात कांदा पोसायच्या आधीच फुलाचे डेंगळे, उरलेल्यात जोडकांदा. पंचनामा झाला, पुढे शून्य.

निफाडचा दुकानदार: घरचं म्हणजे शुद्ध, हा भ्रम सोडा. तुमचा उन्हाळी, शेजाऱ्याचा लाल, मध्ये एक बांध. मधमाशी सातबारा बघत नाही, दोन्हींचे परागकण मिसळते. किमान अर्धा किलोमीटर अंतर लागतं.

कांदेवाला: सगळ्या शिवारानं एकच वाण धरला की झालं.

दुकानदार: वा! रस्त्याला दोन फूट जागा द्यायला तुमचं शिवार एक होत नाही.

कांदेवाला: तुमच्या गल्ल्याला धक्का बसतो म्हणून पोटात दुखतंय.

दुकानदार: आहे दुकान, लपवतो कुठे? उधारी तुमच्यासारख्यांकडेच अडकलीय. आणि वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा वाचा, २००१ चा. बी ठेवा, वाटा, विका. पण संरक्षित वाण ब्रँड लावून विकता येत नाही.

सिन्नरचे मास्तर: धागा कशावर होता? प्रशिक्षणाला चहा-वडा म्हणणाऱ्यांसाठी सांगतो. इंडोनेशियात भातावर इतकी फवारणी झाली की किडी खाणारे कोळी मेले आणि तपकिरी तुडतुडे माजले. १९८६ ला सरकारनं भातासाठी ५७ कीटकनाशकं बंद केली, १९८९ पासून शेतीशाळा सुरू झाल्या. शेतकरी चिखलात उतरून किडी मोजायला शिकले. आपल्या शेतीशाळेचं मूळ तेच. सोयाबीनचंच घ्या. पेरणीआधी उगवण तपासायला ओल्या गोणपाटात शंभर दाणे ओळीनं मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा. सत्तर उगवले तर पेरा, कमी आले तर बियाण्याचं प्रमाण वाढवा. २०२० ला उगवण न झाल्याच्या तक्रारी करत किती जण फिरले, आठवतं का?

येवलेकर: मास्तर, त्यात मीही होतो, मीठ चोळू नका. शंभर दाणे मांडतो. तेवढ्यानं व्यापारी भाव वाढवून देणार असेल तर हजार मांडतो.

सुरगाण्याची लेक: पाड्यावर व्यापारी येतो आणि पडेल भावात नेतो, हे खरंच आहे. ते भांडण करा, आम्हीही येतो. त्यासाठी आमची कणगी कशाला फोडता?

येवलेकर: बरं बाई, कणगी राहू द्या. शाल मात्र बंद करा.

कांदेवाला: ओ दुकानदार, पळू नका. गावात घरचं कांदा बी विकायला परवाना लागतो का?

दुकानदार: आधी मागची उधारी आणून द्या, मग सांगतो.