मदत हवी आहे: मेल ग्रुपवर व्हायरस, मेंबर काढला तरी थांबेना!

वैतागलेला_अ‍ॅडमिन: आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा ईमेल ग्रुप आहे, ३०० जण. आठवडाभर एका मित्राच्या नावाने 'बिल जोडलंय, पैसे बाकी' अशा मेल्स येताहेत, सोबत झिप फाइल. एकीने उघडली, लॅपटॉप फॉरमॅट करावा लागला. मित्राने पासवर्ड बदलला, शेवटी त्याला ग्रुपमधून काढलं. तरी आज पहाटे त्याच्याच नावाने तीन! लवकर सांगा, लोक फोन करून झापताहेत.

मुळ्याची_भाजी: लिनक्स टाका. १२ वर्षांत एक व्हायरस नाही.

कळवेकर: ३०० जणांच्या घरी जाऊन टाकून कोण देणार? तुम्ही?

सर्व्हरवाला: ग्रुप कशावर चालतो? आणि मेलचं हेडर, म्हणजे ती कुठून कशी आली त्याची नोंद, बघितलंत का? 'फ्रॉम'मध्ये कोणीही कुणाचंही नाव घालतो.

वैतागलेला_अ‍ॅडमिन: ग्रुप नेहमीचाच आहे हो. हेडर कुठे असतं?

सर्व्हरवाला: 'नेहमीचाच' म्हणजे काय कपाळ? जीमेलमध्ये मेल उघडा, तीन टिंबं, 'शो ओरिजिनल'. 'रिसीव्ह्ड' ओळी खालून वर वाचा, मेल निघाली कुठून ते सगळ्यात खाली असतं. वर एसपीएफ (पाठवणाऱ्या सर्व्हरची तपासणी) पास दिसलं तर हुरळू नका, ते बहुधा ग्रुपच्याच सर्व्हरचं असतं.

जुना_खेळाडू: मे २००० मधला 'आय लव्ह यू' व्हायरस आठवला. आमच्या खडूस साहेबांकडून प्रेमपत्र! फाइलच्या नावाला .टीएक्सटी.व्हीबीएस अशी दोन शेपटं, आणि विंडोज शेवटचं दाखवायचंच नाही, म्हणून साधी टेक्स्ट फाइल वाटायची. अर्ध्या ऑफिसने उघडलं.

सोनचाफा: मेल कोण वापरतं आता? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढा.

कळवेकर: तिथे लग्नपत्रिका म्हणून एपीके (अ‍ॅप टाकायच्या फाइली) येतात, त्याचं काय?

सोनचाफा: न बघता उघडणाऱ्याला कुठेही ठेवा, तो उघडणारच.

नागपुरी_संत्रं: पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा.

वैतागलेला_अ‍ॅडमिन: पैसे कुणाचेच गेले नाहीत!! सर्व्हरवाला, मेलमन आहे, ग्रुप चालवायचं सॉफ्टवेअर, आमच्याच होस्टिंगवर. खालची ओळ कुठल्यातरी अनोळखी सर्व्हरची, मित्राच्या कंपनीची नाही.

सर्व्हरवाला: म्हणजे तो बिचारा निर्दोष. पण मेंबर नसलेल्याची मेल ग्रुपवर जातेच कशी? 'सेंडर फिल्टर्स'मध्ये नॉन-मेंबरसाठी काय ठेवलंय?

वैतागलेला_अ‍ॅडमिन: 'अ‍ॅक्सेप्ट'. लोक ऑफिसच्या आयडीवरून पाठवायचे, मेल अडकली की ओरडायचे, म्हणून मीच केलं होतं.

सर्व्हरवाला: हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं, मालक! 'होल्ड' करा, म्हणजे तुम्ही मंजूर करेपर्यंत मेल अडकून राहील. 'रिजेक्ट' नको, नकाराची मेल ज्याचं नाव चोरलंय त्याच्याच डोक्यावर आदळते. चोरलेलं नाव मेंबरचं असेल तर मेल होल्डमध्येही अडकत नाही, म्हणून थोडे दिवस सगळ्यांनाच मॉडरेशनवर टाका, प्रत्येक मेल तुम्ही बघून सोडा. शिवाय 'कंटेंट फिल्टरिंग' चालू करा. अडवायच्या फाइलींच्या यादीत एक्झी, व्हीबीएस आधीच असतं, झिप नसतं, ते घाला.

मुळ्याची_भाजी: लिनक्सवर हे काहीच लागत नाही.

सर्व्हरवाला: मेलमन लिनक्सवरच चालतोय, काका.

वैतागलेला_अ‍ॅडमिन: केलं. सकाळपासून ११ मेल्स अडकल्या. १० तसल्याच. अकरावी मित्राची, घरच्या आयडीवरून: 'मला न विचारता ग्रुपमधून कोणी काढलं?'