ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) जुन्या सिस्टरनी नव्यांना भुलेकडचं काम शिकवावं का? (बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्यांनी जरूर बोला)

खानापूरची ओटी सिस्टर (धागा सुरू करणारी)

आमच्या भागातल्या लहान नर्सिंग होमचं चित्र सगळ्यांना माहीत आहे. भूलतज्ज्ञ एक, गावं तीन. ते येतात, स्पायनल (पाठीत सुई घालून भूल) देतात किंवा श्वासनळीत ट्यूब टाकतात. त्याच्या आधीची आणि बाजूची सगळी तयारी ओटीतली सिस्टर किंवा टेक्निशियन करते. मशीन तपासणं, सिलिंडर बघणं, लॅरिंगोस्कोपचा (ट्यूब टाकताना घसा बघायचं साधन) बल्ब लागतो का, घशातलं पाणी-उलटी ओढणारं सक्शन ओढतं का. नवीन मुलगी नर्सिंगचं जीएनएम किंवा बीएस्सी करून येते आणि पहिल्याच दिवशी तिला सांगतात, "बघून शिक."

माझं मत असं, की पहिले दीड-दोन महिने प्रत्येक नव्या मुलीला एका जुन्या सिस्टरच्या हाताखाली द्यावं. तेवढ्या काळात त्या सिस्टरचं बाकीचं काम कमी करावं आणि हे सगळं ड्युटी चार्टवर लिहावं. आज ज्या शिकवतात त्या ड्युटी संपल्यावर, चहाच्या वेळेत, स्वतःच्या मायेपोटी शिकवतात. ते हॉस्पिटलचं काम आहे, उपकार नव्हे.

आणि त्या शिकवतात ते पुस्तकात असतं, पण कानात नसतं. पल्स ऑक्सिमीटरचा आवाज जड व्हायला लागला, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन उतरायला लागला, की आकडा बघायच्या आधी मान वळली पाहिजे. सिझरच्या बाईला स्पायनलनंतर "मळमळतंय" वाटलं की ट्रे आणायला पळायचं नाही, आधी बीपी बघायचं; बहुतेक वेळा ते उतरत असतं. ट्यूब टाकायच्या आधी सक्शन चालू करून पेशंटच्या डोक्याशी ठेवायचं. उलटी झाल्यावर बटण शोधत बसायचं नाही.

चिकोडीचा भूलवाला

भूलतज्ज्ञ म्हणून स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सिस्टरांच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे, पण "जुन्यांनी नव्यांना शिकवावं" या वाक्याची मला भीती वाटते. कारण अनुभवाबरोबर सवयीही उतरतात. लहान हॉस्पिटलांत एके काळी सर्जन सांगायचे, "भूलवाले येईपर्यंत थोडं केटामिन दे," आणि सिस्टर ते भुलेचं इंजेक्शन द्यायच्या. नाइलाज होता, समजतो. पण तीच सिस्टर आज नव्या मुलीला काय शिकवणार? "घाबरू नको, मी शंभरदा दिलंय." आपल्या देशात नर्सला भूल देण्याचा अधिकार नाही. काही झालं तर ती मुलगी एकटी सापडते, सांगणारा सर्जन नाही.

दुसरी गोष्ट अॅम्प्यूलची, म्हणजे इंजेक्शनच्या काचेच्या कुपीची. पाठीत स्पायनलच्या औषधाऐवजी रक्तस्राव थांबवायचं ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड गेल्याच्या घटना घडल्या. शेवटी जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च 2022 मध्ये त्याबद्दल इशारा काढला. अॅम्प्यूल दिसायला सारखी, एकाच ट्रेमध्ये शेजारी. कितीतरी ओटीत अजून तशीच ठेवतात, कारण "आमच्याकडे पहिल्यापासून इथंच असतं." हे "पहिल्यापासून" जुन्यांकडूनच शिकतात ना?

हे काम शिकवायला कोर्स आहेत. अॅनेस्थेशिया टेक्नॉलॉजीची पदवी आहे, 2021 च्या कायद्यानं या व्यवसायाला ओळखही मिळाली आहे. शिकलेली माणसं घ्या.

निपाणीकर

डॉक्टर, शिकलेली माणसं घ्यायला पगारही शिकलेल्याचाच द्यावा लागतो. ते कोण सांगणार मालकाला?

अथणीचा टेक्निशियन

मी तीच पदवी केलेला. दोन्ही बाजूंवर थोडा चिडूनच लिहूलोय.

कॉलेजात कॅप्नोग्राफचा (सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र) आलेख वाचायला शिकलो. आकडा 35 ते 45 मध्ये असावा, हे झोपेतही सांगीन. नोकरीच्या ठिकाणी कॅप्नोग्राफच नाही. तिथं ट्यूब बरोबर बसली का हे दोन्ही बाजूंना स्टेथोस्कोप लावून, छाती हलते का बघून, पोटावर कान देऊन ठरवायचं. ते डॉक्टर बघतात, पण त्या वेळी माझे हात कुठं असावेत, टेप कधी लावायची, बॅग कोणी धरायची, हे एका जुन्या सिस्टरनी शिकवलं. रात्री लाइट गेल्यावर सिलिंडर बदलायचा कसा, तेही त्यांनीच. कोर्समध्ये होतं की, पण चावी नेहमी त्याच खिळ्याला लटकलेली पाहिजे हे कोर्स सांगत नाही.

आता दुसरी बाजू. त्याच सिस्टर मला म्हणाल्या, "चार्टवर सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) मध्येच एकदा 88 झालं होतं ते लिहू नको, सर चिडतात." आणि पहिले कितीतरी दिवस मी फक्त चहा आणायचा. शिकवणाऱ्याला कुणी विचारणारं नसेल तर शिकवणं आणि राबवून घेणं यांत फरक राहत नाही.

बेळगावची, सध्या अमेरिकेत आयसीयूत

इथलं उदाहरण कुणीतरी देणारच, म्हणून मीच देते. इथं नर्स अॅनेस्थेटिस्ट स्वतः भूल देतात, हे खरं आहे, आणि ती फार जुनी गोष्ट आहे. मेयो क्लिनिकमधल्या अॅलिस मॅगॉ या नर्सनं 1906 मध्ये चौदा हजारांहून जास्त भुली दिल्याचा हिशेब छापला होता, भुलेमुळे एकही मृत्यू नाही असा. पण आज त्या जागेवर पोचायचं तर आधी नर्स, मग निदान वर्षभर आयसीयू, मग पदवी. 2022 पासून प्रवेश घेणाऱ्यांना ती डॉक्टरेटच करावी लागते. शिकाऊ असताना प्रत्येक केसला जबाबदार माणूस ठरलेला असतो. कोण शिकवतंय हे कागदावर असतं, अंदाजावर नाही.

वाद इथंही आहेच. मेडिकेअरच्या (इथल्या सरकारी आरोग्य विम्याच्या) पेशंटसाठी डॉक्टरची देखरेख लागते. 2001 पासून राज्यांना त्या अटीतून बाहेर पडता येतं, काही पडली, काही नाही. म्हणून खानापूरच्या सिस्टरना सांगते, तुमचं म्हणणं पटतं, पण "अमेरिकेत नर्स देतात, मग आम्ही का नको" असं तुमच्या गटातलं कुणी म्हणालं तर थांबवा. मधला सगळा जिना गाळून वरची पायरी दाखवू नका.

चिकोडीचा भूलवाला

धन्यवाद. माझं निम्मं काम तुम्ही केलंत.

हुक्केरीची स्टाफ नर्स

तुम्ही सगळे औषधांवर बोलताय. मी चंदगडकडची, कन्नड येत नव्हतं. स्पायनलला पेशंटला वाकून, हनुवटी छातीला लावून बसवायचं असतं. सुई आत असताना बाई दचकली तर संपलं. तिला मराठी येत नाही, मला कन्नड. आमच्या सीनियर सिस्टरनी पहिल्या आठवड्यात औषधं नाही, वाक्यं शिकवली. "अल्लाडब्याड्री", हलू नका. "उसिरु तगोळ्री", श्वास घ्या. "नोव ऐतेन्री?", दुखतंय का?

आणि उपाशी आहात का, असं विचारायचं नाही. सगळे "होय" म्हणतात. आमच्याकडे भात-भाकरी पोटात गेली तरच जेवण. चहा-खारी खाल्लेली बाई शपथेवर उपाशी असते. म्हणून विचारायचं, सकाळपासून तोंडात काय काय गेलं? चहा दुधाचा होता का? खाण्याला सहा तास, साध्या पाण्याला दोन, हे पाठ असून काय उपयोग, प्रश्नच चुकला तर? हे कुठल्या कोर्सला शिकवतात, डॉक्टर?

चिकोडीचा भूलवाला

हे मान्य. पूर्ण मान्य. हे माझ्यापेक्षा सिस्टरच चांगलं शिकवतील.

नर्सिंग होमवाला (गाव नको विचारू)

माझंही ऐका. मुलगी शिकवली की सहा-आठ महिन्यांत कोल्हापूर, पुणे नाहीतर गोवा. मी सीनियरचं काम कमी करून तिला शिकवायला वेळ देणार, फायदा दुसऱ्याचा.

निपाणीकर

न शिकवलेली तुमच्याकडेच राहिली तर चालेल का ओ?

खानापूरची ओटी सिस्टर

डॉक्टरांच्या भीतीला उत्तर देते. मी भूल द्यायला शिकवा म्हटलंच नाही. तयारी, नजर आणि हाक मारणं, एवढंच. औषध डॉक्टरांच्याच हातून. अॅम्प्यूल दोघींनी मोठ्यानं वाचायची, ट्रॅनेक्झॅमिक भुलेच्या ट्रेमध्ये ठेवायचंच नाही, आणि चार्टवर 88 झालं तर 88 च. शिकवणारीनं काय शिकवलं त्यावर तिची सही, खाली भूलतज्ज्ञांची सही. अथणीच्या दादाचा प्रश्नही त्यातच मिटतो. सही असली की चहा आणायला लावणं अवघड जातं.

पण आता मला विचारू द्या. स्पायनल देऊन, बीपी दोनदा बघून, "काही वाटलं तर फोन करा" म्हणत गाडी कोण काढतं? पुढच्या हॉस्पिटलात केस असते, माहीत आहे. मग मधल्या अर्ध्या तासात भुलेची जबाबदारी कुणाची? कायदा म्हणतो डॉक्टरांची. टेबलाशी उभी असते आमची मुलगी. तिला शिकवू नका म्हणायचा हक्क, केस संपेपर्यंत थांबणाऱ्यालाच आहे.

चिकोडीचा भूलवाला

मी जात नाही. पण जातात, हे नाकारत नाही. त्याचं उत्तर सिस्टरला तयार करणं नव्हे, डॉक्टरला थांबवणं. तुम्ही मुलींना जितकं चोख तयार कराल तितकी गाडी लवकर निघेल, याचा विचार केलात का?

खानापूरची ओटी सिस्टर

केलाय. म्हणून तर तुमची सही मागतेय. कुठल्या केसला किती वाजेपर्यंत ओटीत होतात, तेही त्याच कागदावर.

अथणीचा टेक्निशियन

कागद मी टाइप करून देतो. सही करणारे आधी हात वर करा.