जर्मेनियम फझ उन्हाळ्यात बिघडतोय, अँप बदलू का पेडल?

जुळेसोलापूरकर
मला 1967 च्या आसपासचा गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचा फझ टोन (फाटका, खरखरीत आवाज) पाहिजे, जाड पण गिटारचा व्हॉल्यूम कमी केला की साफ होणारा. स्ट्रॅट गिटारची कॉपी आहे, अँप 15 वॅटचा ट्रान्झिस्टरवाला, आणि पुण्याहून सेकंडहँड जर्मेनियम फझ (जर्मेनियम ट्रान्झिस्टरवाला पेडल) आणलाय. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या वेळी लई भारी वाजत होता ओ, आता एप्रिलात दुपारी पत्र्याच्या खोलीत लावला की नोट मध्येच तुटते, नुसती फसफस. सगळे म्हणतात अँप बदल, पण ट्यूब अँपला (व्हॅक्यूम ट्यूबवाला) वर्षभर पैसे साठवावे लागतील म्हणून आधी विचारतो.

सोल्डरवाला
अँपचा दोष नाही, ऊन आहे ते. जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा लीकेज करंट (आपोआप झिरपणारा करंट) दर 10 डिग्रीला जवळपास दुप्पट होतो, आणि आपल्याकडं तर पारा 42 च्या वर जातो, मग बायस (ट्रान्झिस्टरचं बसवलेलं व्होल्टेज) जागेवर राहणार कसा? पेडल उघडून दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर नावाच्या पायावर मीटर लाव, 9 व्होल्टच्या बॅटरीवर साधारण साडेचार व्होल्ट यायला पाहिजे. तिथं एक ट्रिमपॉट (फिरवून बदलता येणारा छोटा रेझिस्टर) बसवून घे, दुपारी वेगळं सेटिंग, रात्री वेगळं. नाहीतर BC108 ट्रान्झिस्टरवाला सिलिकॉन फझ घे, तो उन्हाला दबत नाही. आवाज जरा कडक येतो, पण हेंड्रिक्ससुद्धा पुढं सिलिकॉनवरच गेला होता.

तारेवरची
दादांचं बरोबर, पण अँपचाही थोडा भाग आहेच. हेंड्रिक्सच्या मागं मार्शलचा ट्यूब अँप फुल आवाजात असायचा, त्याचा आवाज आधीच फाटायला आलेला, फझ फक्त वरून ढकलायचा. आपल्या साफ अँपवर तोच फझ माशी गुणगुणल्यासारखा लागतो. म्हणून फझ आणि अँपच्या मधे एक ओव्हरड्राइव्ह (आवाज हलका फाडणारा पेडल) लावा, गेन अगदी कमी, कायम चालू, आणि अँपवर ट्रेबल पाडून मिड चढवा. माझ्या मते ट्यूब अँपच्या आधी हे करून बघाच, मी दोन वर्षं असंच वाजवतेय.

सोल्डरवाला
अजून एक, ट्यूनर फझच्या आधी आहे का? बफरवाला (सिग्नल तगडा करणारं सर्किट असलेला) असेल तर फझच्या नंतर टाक, नाहीतर व्हॉल्यूम कमी करून साफ होणारच नाही. आणि पीएनपी (ट्रान्झिस्टरचा एक प्रकार) जर्मेनियम असेल तर बाकीच्या पेडलच्या अडॅप्टरला जोडू नको, त्याचा ग्राउंड उलटा असतो, शॉर्ट होईल. बॅटरीच वापर.

जुळेसोलापूरकर
ट्यूनर आधीच होता! मागं टाकला आणि पेडल अर्धा तास कूलरसमोर ठेवलं, व्हॉल्यूम 6 वर आणला तर जानेवारीतला आवाज परत आला. ट्रिमपॉट किती किलोओहमचा घेऊ?

सोल्डरवाला
10 चा घे.