कुनिगुंडे: फाळांच्या गोष्टीपलीकडे

अकराव्या शतकातली जर्मन सम्राज्ञी कुनिगुंडे म्हटलं की बहुतेक एकच गोष्ट सांगितली जाते: पातिव्रत्य सिद्ध करायला ती नांगराच्या तापलेल्या फाळांवरून अनवाणी चालली. आपल्याला लगेच सीता आठवते, साहजिकच आहे. पण ती दंतकथा नंतरची. मला तिचं १०२४ मधलं काम फार मोठं वाटतं. नवरा, सम्राट दुसरा हेन्री, निपुत्रिक वारला. गादी रिकामी असताना राजचिन्हं तिनेच सांभाळली आणि निवडून आलेल्या दुसऱ्या कॉनराडच्या हाती सोपवली! वर्षभराने ती जर्मनीतल्या काउफुंगेनच्या मठात नन झाली. संतपद १२०० मध्ये मिळालं.

जर्मनीतल्या बाम्बर्ग शहराच्या कॅथेड्रलमधली, शिल्पकार रीमेनश्नायडरने घडवलेली नवरा-बायको दोघांची समाधी जरूर बघा. समाधीवर कुनिगुंडे नाण्यांचं भांडं पुढे धरून चर्च बांधणाऱ्या मजुरांना मजुरी देताना कोरलीय. हीही एक दंतकथाच: मजुराने भांड्यातून हक्काचं तेवढंच उचलायचं, जास्त घेतलं तर हात भाजायचा.